नसलेल्या भाषेचे धातू कसे चालवावेत

लॅटिनच्या पोटी जन्मलेली आणि व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेने वळण लावलेली भाषा जगात कुठेही बोलली जात नाही. त्यामुळे तिचे धातू चालवण्याची जबाबदारी ती रचणाऱ्यावर येऊन पडते. अशा रचनाकारांची जमात तशी जुनी आहे. टॉल्कीनने १९३१ सालच्या एका भाषणात या छंदाला ‘छुपे व्यसन’ म्हटले होते. न्यूझीलंडच्या अँड्र्यू स्मिथने १९९६ मध्ये लॅटिनला वेल्शच्या वळणावर नेऊन ब्रिथेनिग रचली. नेदरलँड्सच्या यान व्हान स्टेनबर्गेनने २००२ मध्ये लॅटिनलाच पोलिशच्या वळणावर नेऊन वेनेदिक. या पंगतीत बसायची इच्छा असलेला, पण आमंत्रण नसलेला एक भाषाकार प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. विवेचनाचा लेखकही तोच असल्याने त्याच्याविषयी आदराने लिहिले जाईल.

आधी वर्तमानकाळ. लॅटिनमध्ये ‘गाणे’ हा धातू कान्तो, कान्तास, कान्तात, कान्तामुस, कान्तातिस, कान्तान्त असा चालतो. नॉर्समध्ये ‘हाक मारणे’ या अर्थी कल्ला हा धातू आहे (मराठी माणसाला तो फारसा परका वाटू नये). त्याची रूपे कल्ला, कल्लर, कल्लर, कॉल्लुम, कल्लिद, कल्ला. इथे शेवटच्या जुन्या ‘स’चा कालांतराने ‘र’ झाला आहे, आणि ‘तू’चे रूप ‘तो’ने बळकावले आहे. शिवाय ‘उम’ प्रत्ययातला ‘उ’ मागच्या ‘अ’ला आपल्याकडे ओढून त्याचा ‘ऑ’ करतो. हे सगळे लॅटिनला लावले की कान्त, कान्तर, कान्तर, कॉन्तुम, कान्तिद, कान्ता अशी रूपे तयार होतात.

यातले कॉन्तुम भाषाकाराला अतिशय प्रिय आहे. ‘आम्ही गातो’ एवढाच त्याचा अर्थ. पण त्यात रोमचा धातू, उत्तर समुद्राचा स्वर आणि स्वतःची बुद्धी अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्याचे त्याचे मत आहे. तो हे रूप अंघोळ करताना मोठ्याने म्हणतो. घरातली मंडळी बराच काळ ते रक्तदाबाच्या गोळीचे नाव समजत होती.

अडचण पुढे येते. नॉर्सप्रमाणे मूळ क्रियारूपही ‘आ’वर संपवायचे, तर ‘गाणे’ आणि ‘ते गातात’ या दोहोंसाठी कान्ता हेच रूप उरते. नॉर्स लोकांनी हा गोंधळ शतकानुशतके निभावला. भाषाकाराला त्यापायी झोप लागत नाही.

त्यानंतर आत्मनेपद. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हा शब्द ऐकून अजूनही घाम फुटतो. नॉर्सने ‘स्वतःला’ या अर्थाचे ‘सिक’ हे सर्वनाम झिजवून क्रियापदाच्या शेपटाला ‘स्क’ म्हणून चिकटवले. आइसलँडिकमध्ये आज त्याचे ‘स्त’ झाले आहे, स्वीडिशमध्ये नुसता ‘स’. लॅटिनचे ‘से’ हे या ‘सिक’चे सख्खे भावंड. तेव्हा कान्तस्क, म्हणजे ‘गायले जाते’, हे रूप विनासायास मिळते. आपोआप जुळून आलेल्या अशा गोष्टींचे श्रेय भाषाकार स्वतःकडे घेतो.

भूतकाळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. दोन्ही घराण्यांत काही धातू प्रत्यय घेतात आणि काही पोटातला स्वर बदलतात. ‘असणे’ आणि ‘जाणे’ मात्र कुठल्याच शिस्तीत बसत नाहीत. फ्रेंचमध्ये ‘जाणे’ तीन वेगवेगळ्या मुळांवर उभे आहे, तर स्पॅनिशमध्ये ‘मी होतो’ आणि ‘मी गेलो’ यांना ‘फुई’ हे एकच रूप आहे. जा–गेला, ये–आला असे बिनदिक्कत बोलणाऱ्या मराठी माणसाने यावर हसू नये.

भविष्यकाळात लॅटिनच्या लेकींनी ‘गायचे आहे मला’ या धाटणीची रचना घट्ट आवळून तिचा प्रत्यय केला. नॉर्सने सहायक क्रियापद वेगळेच ठेवले. भाषाकाराने दोन्ही ठेवले आहेत, कारण तक्ता तेवढाच मोठा दिसतो.

या तक्त्याला खरा धोका काळाचा आहे. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये आज सर्व पुरुषांना आणि दोन्ही वचनांना वर्तमानकाळाचे एकच रूप चालते. स्वीडिशने अनेकवचनाची वेगळी रूपे लिहिण्यापुरती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांभाळली आणि मग तीही सोडली. म्हणजे ही भाषा खरोखर जगली असती, तर बोलणाऱ्यांनी सहाच्या सहा रूपांवरून हात फिरवून एकटे ‘कान्तर’ शिल्लक ठेवले असते. कॉन्तुमचा बळी पहिला गेला असता. नसलेल्या माणसांवर इतके रागावता येते, हे भाषाकाराला यातून प्रथमच कळले.

शेवटचे प्रकरण उसन्या धातूंचे. ९११ साली फ्रान्सच्या राजाने रोलो नावाच्या व्हायकिंगाला सेन नदीच्या मुखाकडचा प्रदेश दिला, त्याचे पुढे नॉर्मंडी झाले. नॉर्स आणि लॅटिनची लेक तिथे प्रत्यक्ष एका घरात नांदल्या. काही पिढ्यांत नॉर्स संपली. मागे लाट, शेवंड यांसाठीचे शब्द उरले, आणि गलबत सज्ज करणे, शीड उभारून जाणे, रिकामे भटकणे असे काही धातू. हे सर्व धातू फ्रेंचच्या सर्वांत सोप्या ‘एर’ वर्गात निमूट चालतात. नॉर्सचा एकही प्रत्यय त्यांच्याबरोबर आला नाही.

उलट उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, कोर्लई गावात हजाराच्या आसपास माणसे पोर्तुगीजपासून घडलेली एक भाषा बोलतात. ‘आपली भाषा’ या अर्थी ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. पोर्तुगीजांनी शेजारचे चौल सोडले १७४० साली. भाषा मात्र तिथेच राहिली, आणि आजूबाजूला सगळी मराठी असल्याने मराठी धातू तिच्यात येत गेले. पोर्तुगीजकडून तिला आ, ए आणि इ असे धातूंचे तीन वर्ग मिळाले होते. मराठीतून आलेल्यांसाठी तिने चौथा, उ-कारान्त वर्ग केला. कुणी तक्ता आखला नाही, कुणी अंघोळीत घोकला नाही. बाजारहाट, भांडणे, लेकरांना जेवायला हाका, एवढ्यातच पाहुण्यांसाठी वेगळी खोली बांधून झाली. रात्रभर जागून भाषाकार जे जुळवू पाहतो, ते इथली आजी पोराला दटावता दटावता बोलून जाते. आणि ते पोर आता शाळेत दिवसभर मराठीच बोलते. भाषाकाराच्या भाषेला बोलणारा एकच माणूस आहे, पण तिची काळजी करण्याचे कारण नाही. कोर्लईची गोष्ट तशी नाही.

कोर्लईचा कित्ता गिरवून भाषाकारानेही नॉर्स धातूंसाठी आता स्वतंत्र वर्ग काढला आहे. त्यात सध्या नॉर्मंडीचेच तीन धातू आहेत. गलबत सज्ज करणे आणि शीड उभारून जाणे या दोहोंची रूपे अद्याप ठरायची आहेत. रिकामे भटकणे मात्र सर्व पुरुषांत आणि सर्व काळांत नियमित चालते.