पोछा कशाला बघता, चाप बघा

"काय गं, काल दुपारी तुमच्याकडे धाडकन आवाज आला. कोण पडलं?"

"कोणी नाही काकू, पोछा मोडला. मावशींनी पलंगाखाली जरा जोर लावला, तर दांडा त्यांच्या हातात आणि खालचं मुंडकं पलंगाखालीच."

"आट्यांचा असणार, पिरगाळून बसवायचा. आता दुसरा आणशील तेव्हा झुपका किती दाट आहे ते बघत बसू नकोस. चाप बघ!"

आमच्या आणि काकूंच्या बंगल्यामधली भिंत कमरेएवढी आहे, आणि तिच्यावर कोपर टेकवायची काकूंची जागा ठरलेली. काका जन्मभर पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. ते घरी फारसं बोलत नसत म्हणतात. पण जे काही बोलले असतील ते काकूंच्या पक्कं लक्षात राहिलेलं दिसतं.

"हे बघ, दांडा चार फुटांचा. वरून तू ढकलतेस, पण तो सगळा जोर जाऊन बसतो खाली, त्या इंच-दीड इंचाच्या प्लास्टिकच्या आट्यांवर. दांडा जितका लांब तितका खालचा ताण जास्त. पहार कशी काम करते, तेच. त्यातून पुसताना मनगट वळतं, दांडा एकदा इकडे फिरतो, एकदा तिकडे. आटे सैल होतात, मग झिजतात, मग तू त्यात कागदाची घडी कोंबतेस..."

"जुन्या मोज्याची कोंबली होती."

"तेच ते. मोरी घासायच्या ब्रशचंही असंच. ब्रश अजून चांगला असतो, पण भोक मोठं होतं आणि दांडा गदागदा हलतो. म्हणून सांगते, धरणारा दांडा घ्यावा, एक चाप पुरतो. खाली दोन जबडे, मध्ये स्प्रिंग, वर खटका. फडकं द्या, फडकं धरेल. मुठीची पट्टी असलेला ब्रश द्या, तोही धरेल. केसांना आपण चाप लावतो ना, तशी त्याची पकड. ओढशील तेवढं ओढ, खटका उघडल्याशिवाय सुटायचं नाही."

बाजारात अशा दांड्यांचे प्रकार बरेच आहेत. काहींना जबडा आवळायला कान असलेला नट असतो, तो ओल्या हाताने फिरवताना घसरतो. काहींची क्लिप प्लास्टिकची, कटकन मिटणारी. ऑफिसात आणि दवाखान्यात सुतळीचे लांब झुपके असतात ते बहुधा हिच्यातच अडकवलेले. काहींच्या चपट्या पाट्यांना खरखरीत पट्टीने फडकं चिकटतं. ही पट्टी धाग्यांनी भरली की चिकटणं सोडते. काकूंचं मत अर्थातच स्टीलच्या स्प्रिंगच्या बाजूने.

"पण काकू, स्प्रिंग गंजते."

"गंजणारच. तू तो दांडा ॲसिडच्या बाटलीशेजारी उभा करतेस. संडास धुवायच्या त्या औषधाची वाफसुद्धा लोखंडाला खाते. काम झालं की चाप साध्या पाण्याने धुवायचा, फडकं काढायचं, दांडा उलटा टांगायचा. झुपका खाली करून बादलीत ठेवलास तर पाणी सगळं जबड्यात मुरतं आणि दुसऱ्या दिवशी घरभर तो कुबट वास. आपल्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात गेलीस की येतो बघ."

मग आवाज थोडा खाली आला. त्याशिवाय गप्पांना अर्थ नाही. कोपऱ्यावरच्या बाईंनी म्हणे टीव्हीवर बघून ती गरगर फिरणारी बादली मागवली. पायडल दाबायचं, जाळी फिरते, पोछा कोरडा होतो. दिवाळीपर्यंत फिरली. मग पायडल बसलं, कंपनीचा फोन कोणी उचलेना, आणि आता त्या बादलीत अळू लावलंय. "अळू मात्र सुरेख आलंय हो," काकू म्हणाल्या. "मला वडीला पानं दिली तिने. वाईट कशाला बोलू?"

मला अडचण वेगळीच वाटत होती. दांडा कितीही उत्तम आणला तरी आमच्या मावशींना तो नकोच असतो. त्या उकिडव्या बसतात आणि मागे सरकत सरकत सगळी खोली पुसून काढतात. उभ्याने पुसलं की कोपरे राहतात, आणि फरशीवर काय चिकटलंय ते हाताला कळतं, दांड्याला कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. कपाटाच्या पायाशी साठलेली रेघ हाताच्या फडक्यानेच निघते.

"खोटं नाहीच," काकू म्हणाल्या. "पण त्यांच्या गुडघ्यांना विचार. चार घरं करतात त्या. तिकडे इंग्लंडात मोलकरणी गुडघे टेकून फरश्या घासायच्या, तर वाटीपुढची पिशवी सुजून पाणी व्हायचं. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नावच ठेवलं, हाउसमेड्स नी. आजही पुस्तकात तेच नाव आहे, माझ्या सुनेने दाखवलं. आपल्याकडे टेकत नाहीत, उकिडव्या बसतात. म्हणजे वाटीपुढे सूज नसेल, पण सांधा दिवसभर पूर्ण दुमडलेला. फार फरक आहे का?"

यावर माझं आपलं एक मत आहे. आपल्याकडे उभं राहून पुसायची सवय उशिरा आली त्याचं कारण आळस नाही आणि परंपराही नाही. कारण जमीन आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीला पोछा मारणार कसा? तिला हातच हवा. मग शहाबादी आली, तिच्या सांध्यांत फडकं खुपसावं लागे. गुळगुळीत, सांधा न दिसणाऱ्या टाइल्स घराघरांत आल्या तेव्हा कुठे दांड्याला काम मिळालं. आजोळी माझी आजी चूल पोतेऱ्याने सारवायची, तिला दांडा दिला असता तर तिने त्याने मांजर हाकललं असतं.

काकूंना हे पटलं की नाही कळलं नाही. त्यांना पुढची बातमी सांगायची घाई होती.

"माझा भाचा मिशिगनला असतो ना, कॅलमझूला. गावाचं नाव ऐकून मला आधी थट्टाच वाटली होती. मी त्याला फोनवर हे चापाचं पुराण सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, हा चाप आमच्या गावचा! तिथल्या थॉमस स्टुअर्ट नावाच्या माणसाने १३ जून १८९३ ला त्याचं पेटंट घेतलं. क्रमांकसुद्धा सांगितला त्याने, ४,९९,४०२. काळा माणूस होता. तिकडची गुलामगिरी सुटून तेव्हा तीसच वर्षं होत होती, बघ."

"१८९३ म्हणजे आपल्याकडे सार्वजनिक गणपतीचं साल."

"पहिला कोणी बसवला त्यात नको शिरूस, रात्र होईल. ऐक. दांड्याच्या टोकाला टी अक्षरासारखी आडवी पट्टी, टोकांना खाचा. ती चापाची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे वाकवलेली सळई. तिचा सरळ भाग पट्टीसमोर, आणि दोन्ही टोकं दांड्याच्या दोन अंगांनी वर जाऊन एका खटक्याला जोडलेली. तो खटका दांड्यावरच्या एका सैल कड्यात अडकवलेला. आणि कडं आणि पट्टी यांच्यामध्ये स्प्रिंग! स्प्रिंग कड्याला वर ढकलते, कड्याबरोबर खटका, खटक्याबरोबर सळई, आणि सळई येऊन पट्टीवर दाबून बसते. मध्ये फडकं. खटका उलट फिरवला की सगळं ढिलं."

हे सगळं काकूंनी हातातल्या खुरप्यावर करून दाखवलं. कड्याच्या जागी त्यांनी स्वतःची बांगडी वापरली. काका असते तर नक्की खूश झाले असते.

"म्हणजे फडकं मळलं की बदलायचं, दांडा तोच."

"हो ना! खरं सुख त्यातच आहे. पोछा धरायच्या कड्या-पट्ट्यांची पेटंटं त्याच्याही आधीपासून निघत होती, तो काही जगातला पहिला नव्हे. पण स्प्रिंगने धरणं आणि एका हाताने सोडणं, हे त्याने नीट जुळवलं. त्याच वर्षी त्याने आणखी एकाच्या जोडीने गाडीत पुढचं स्टेशन दाखवणाऱ्या यंत्राचंही पेटंट घेतलं म्हणे. म्हणजे लोकलमध्ये ती 'पुढील स्थानक' बोलणारी बाई आहे ना, तिचा पणजोबाच."

स्पेनची हकिगतही काकूंना भाच्यानेच पुरवलेली. तिकडे १९५० च्या दशकापर्यंत घरोघर बायका गुडघ्यांवरच होत्या. मान्वेल हालोन नावाचा हवाई दलातला इंजिनियर अमेरिकेला गेला होता. परत आल्यावर १९५६ च्या सुमाराला त्याने दांडा, झुपका आणि पिळायची बादली असा जोड विकायला काढला. विमानांचं शिकलेला माणूस पोछ्यामुळे प्रसिद्ध झाला. काकूंना याचं भारी कौतुक. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हे सगळे शोध लावणारे पुरुष, आणि त्यातल्या किती जणांनी स्वतःच्या घरची फरशी पुसली असेल कोण जाणे. काका पुसत असत, असं काकूंनी लगेच सांगितलं. रविवारी. पुढची खोली तेवढी.

"पण काकू, दांडा एकच, आणि तोच मोरीत आणि तोच स्वयंपाकघरात? तुमच्या सासूबाई असत्या तर?"

काकू भिंतीवरून थोड्या मागे झाल्या. हा प्रश्न त्यांनाही पडलेला असणार. सासूबाईंच्या काळी देवघराचं फडकं वेगळ्या खुंटीला असे आणि त्या खुंटीला इतर कोणी हात लावायचा नसे.

"त्या असत्या तर मला दांड्यासकट अंगणात उभं केलं असतं," काकू म्हणाल्या. "पण तू मोठ्या हॉस्पिटलात बघ. संडासाचा पोछा लाल, वॉर्डाचा दुसऱ्या रंगाचा. एकाचा दुसरीकडे नेला तर बोलणी बसतात. सोवळंच आहे की ते! फक्त जंतूंच्या नावाने. चापात फडकी बदलता येतात, पण ओला जबडा तोच राहतो ना. म्हणून मी दोन घेतले. निळा आतला, लाल मोरीचा. लाल बाहेरच टांगलेला असतो, मागल्या दारी."

"एक चाप पुरतो म्हणालात मघाशी!"

"एका घराला नाही गं, एका कामाला पुरतो. लालमध्ये आज काथ्याचा ब्रश, उद्या वायरची घासणी. निळ्यात जुना टर्किश टॉवेल. विकतच्या झुपक्यापेक्षा टॉवेल बरा. पाणी शोषतो, दगडावर आपटून धुता येतो, कडक उन्हात तासाभरात वाळतो. आणि तुझ्या मावशींना हेच सांग. टॉवेल तोच आहे, पिळायचा हातानेच आहे, कोपऱ्यात आले की खटका सोडा, फडकं हातात घ्या, पुसा, परत लावा. कोपरेही झाले आणि गुडघेही राहिले."

हे मात्र मला पटलं. दांडा की हात, हा वाद चाप नसलेल्या दांड्यामुळे होतो. फडकं मुंडक्याला कायमचं शिवलेलं असलं की मावशींना एकच काहीतरी निवडावं लागतं.

तेवढ्यात काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. त्या आत निघाल्या, आणि जाता जाता भिंतीपलीकडून त्यांनी जे ओरडून सांगितलं ते, ज्यांचा पोछा मोडायला आलाय अशा सगळ्यांसाठी जसंच्या तसं देते:

"बोहरी आळीत जा आणि मावशींना बरोबर घेऊन जा. दांडा त्यांच्या हनुवटीपर्यंत यायला हवा, तुझ्या नाही. दुकानातच ओलं फडकं लावून ओढून बघ. जबडा दोन्ही टोकांना सारखा मिटतोय का ते बघ, एका टोकाला फट दिसली तर घेऊ नकोस. खटका त्यांच्याकडून चार वेळा उघडून घे, ओल्या हाताने. आणि पक्कं बिल घे. ते लोक स्प्रिंग बदलून देतात, पण बिल असेल तरच."