लांडग्यांनी वाटली वीज!

ऐकलंत का? कुठल्या जनित्रानं किती वीज करायची, हे म्हणे आता लांडगे ठरवतात. एखाददुसरा नव्हे, अख्खा कळप! लांडग्यांना वेळ नसेल तर देवमासे येतात, वटवाघळं येतात, काजवे येतात. कुणीच मोकळं नसेल तर कोंबड्या आहेतच. शिव शिव! इलेक्ट्रिकलच्या पीएचडीचे प्रबंध चाळायला घ्यावेत, तर आपण चुकून राणीच्या बागेत शिरलो की काय असं वाटतं.

प्रश्न तसा सभ्य घरातला आहे. दहा-वीस जनित्रं, प्रत्येकाचा इंधनखर्च निराळा, मागणी ठरलेली. कोणी किती मेगावॅट द्यावेत, म्हणजे एकूण खर्च कमीत कमी येईल? याला म्हणतात इकॉनॉमिक लोड डिस्पॅच. खर्चाचा आलेख गुळगुळीत असता तर गणित निमूट सुटलं असतं. पण वाफेच्या टर्बाइनचा एकेक व्हॉल्व्ह उघडू लागला की आलेखाला खड्डे पडतात. जुनी रीत पहिल्या खड्ड्यात उतरते आणि तिथेच बसकण मारते. पलीकडे याहून खोल खड्डा आहे, हे तिच्या गावीही नसतं. मग एकाच वेळी चहूकडे हुंगत फिरणारं कोणीतरी हवं. इथंच प्राणी घरात शिरले, म्हणजे त्यांच्या वागण्याची नक्कल करणारे अल्गोरिदम.

पहिली पाहुणेमंडळी खानदानी होती, हे कबूल करायला हवं. १९७५ मध्ये जॉन हॉलंड यांच्या पुस्तकानं जनुकं आणली, १९९२ च्या प्रबंधात मार्को डोरिगो यांनी मुंग्या आणल्या, १९९५ मध्ये केनेडी आणि एबरहार्ट यांनी पक्ष्यांचा थवा आणला. मुंग्या वाटेवर गंध सोडतात आणि जवळच्या वाटेवर तो दाट होत जातो. यात खरोखर नवा विचार होता. पण पाहुण्यांची सोय चांगली झालेली दिसली, आणि रांगच लागली. २००६ मध्ये मांजरं, २००९ मध्ये कोकिळा, २०१० मध्ये वटवाघळं. २०१४ मध्ये तर करडे लांडगे आणि कोंबड्या एकाच वर्षी आले, आणि कुणी कुणाला खाल्लं नाही! २०१६ मध्ये देवमासा आला. २०२१ मध्ये तर आपण सॅनिटायझर चोळत बसलो होतो, तेव्हा कुणीतरी कोरोनाच्या सामूहिक प्रतिकारशक्तीवर अल्गोरिदम छापून मोकळं झालं.

आता खरी आतली गोष्ट, जरा जवळ या. २०१५ मध्ये केनेथ सॉरेन्सन यांनी लेख लिहून या उपमांच्या सोसाचे वाभाडे काढले. आणि २०२० मध्ये एका लेखानं उघड सांगितलं, की लांडगा, काजवा आणि वटवाघूळ या तिन्ही अल्गोरिदममध्ये नवं काहीच नाही. मूळ पक्ष्यांच्या थव्याचंच घराणं ते. सांगणाऱ्यांत कोण होते? स्वतः मुंगीवाले डोरिगो! लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळावर लिहितात ना, तसंच हे. समीकरण तेच, तांदळावर नाव नवं.

बरं, लांडग्याचीही कुंडली एकदा बघा. अल्गोरिदममध्ये पुढारी अल्फा, मग बीटा, मग डेल्टा, उरलेले ओमेगा. पण रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय. पुढारीबिढारी काही नाही, आईबाप पुढे चालतात इतकंच. शिवाय या कळपाला शून्याकडे ओढ आहे, आणि अल्गोरिदमच्या परीक्षेच्या कित्येक नेहमीच्या गणितांचं उत्तर असतं नेमकं शून्य. पेढ्याचा डबा अंगणाच्या मधोमध ठेवायचा, आणि मग "शोधला, शोधला" म्हणून ढोल बडवायचा!

तुम्हाला वाटेल, चित्रांवर काम करणारी मंडळी तरी सोज्वळ असतील. अहो, कसली सोज्वळ! छायाचित्राचे उजेड-अंधारानुसार तुकडे पाडायला त्यांनीही लांडगे पाळलेत. आणि ते सोडायचे कुणावर? पिसांची टोपी घातलेल्या, खांद्यावरून मागे बघणाऱ्या बाईवर. ही लेना, या मंडळींचं नेहमीचं चाचणीचं छायाचित्र. आपल्याकडच्या किती प्रोजेक्ट रिपोर्टांत ती स्पायरल बाइंडिंगमध्ये बसून एक्स्टर्नलपुढे गेली असेल, गणती नाही. हे चित्र आलं कुठून माहीत आहे? 'प्लेबॉय'च्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकाच्या मधल्या पानावरून! १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ते स्कॅन झालं, तेही खांद्यापर्यंतच, म्हणून अब्रू राहिली. अखेर आयईईई कॉम्प्युटर सोसायटीनं एप्रिल २०२४ पासून तिला रजा दिली. व्हिडिओवाल्यांकडे मात्र चाचणीच्या क्लिपमधला हेल्मेट घातलेला 'फोरमन' अजून बडबडतोय. त्याच्याबद्दल अजून तरी काही वावगं कानावर आलेलं नाही.

सगळेच प्राण्यांच्या नादाला लागलेत असंही नाही. सुरतचे आर. व्यंकट राव यांनी २०११ मध्ये वर्गातला शिक्षक आणि विद्यार्थी घेतले, २०१६ मध्ये 'जया' नावाची रीत आणली. चांगल्या उत्तराकडे सरकायचं, वाईटापासून लांब राहायचं, बस्स. ना शेपूट, ना शिंगं. 'हे चालतं कसं?' असं कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येतं. लांडगेवाल्यांना व्हायवामध्ये हाच प्रश्न विचारून बघा.

एवढं सगळं झाल्यावर आपल्या घरातला दिवा कोण लावतं, तेही ऐकून घ्या. राज्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, ऐरोलीला, मेरिट ऑर्डर चालते: स्वस्त वीज आधी, महाग नंतर. देशपातळीवर एप्रिल २०१९ मध्ये सर्वांत स्वस्त वाटपाचा जो प्रयोग सुरू झाला, त्याच्या पोटात लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे. त्याची सिम्प्लेक्स रीत डँट्झिग यांनी १९४७ मध्ये शोधली. तिला ना पंख, ना नखं.