सासरच्या नणंदा, माहेरचे भाऊ

"कळलं का गो? खालच्या वाडीतल्या थोरल्याचा व्यवहार फिसकटला." कोकमं भरलेलं सूप गडग्यावर ठेवता ठेवताच काकूंनी सुरुवात केली. "मुंबईची पार्टी होती. विसार दिलेला, साठेखत झालेलं. आणि मधल्या बहिणीने मनाई आणली! सख्ख्या भावावर दावा!"

मला कळलं होतं. आमचे हे वकिलांकडे कारकून. वाडीच्या बातम्या काकूंच्या आधी आमच्याकडे पोचतात, पण तसं दाखवलं की काकू रुसतात.

"पण बाग वडिलांच्या नावची ना?"

"होती. ते गेल्यावर थोरल्याचं नाव लागलं, ए.कु.मॅ. म्हणून, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणी आपल्या इतर हक्कात. म्हणजे नावापुरत्याच ना?"

गोम इथेच आहे. सातबाऱ्यावर मुलींना त्या कोपऱ्यात बसवलं आणि भावांनी समज करून घेतला की बहिणी निकालात निघाल्या. नाव कुठल्या रकान्यात आहे यावर वाटा ठरत नाही. सातबारा हे मुळात शेतसाऱ्याचं दप्तर, त्याने मालकी येत नाही की जात नाही.

"अगं, पण तिने सही दिलेली! आईच्या तेराव्याला. साडीचोळी घेतली, स्टॅम्पपेपरवर सही केली, आता फिरली."

"ती नोटरीपुढची सही, काकू. हक्कसोडपत्र रजिस्टर व्हावं लागतं. पार्टीच्या वकिलाला तेच तर सापडलं नाही."

"मग थोरल्याने आपल्यापुरता वाटा विकावा."

"विकू दे की. पण वाटपच झालेलं नाही, तर कुठली कलमं कुणाची? घेणारा पुढे बहिणीशीच वाटपाचा दावा लढत बसणार. शिवाय तिने लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस रजिस्टर केलीय. आता कुणीही घेतली तरी कोर्टाचा निकाल त्याच्या डोक्यावर. आणि ती म्हणते काय, परक्याला ज्या भावात देतोस त्या भावात मला दे. वारसा कायद्याचं कलम २२ आहे तसं, सहवारसाला आधी विचारायचं."

"तिच्याकडे कुठले एवढे पैसे? जावयाचं डोकं आहे मागे."

(बहिणीने हिस्सा मागितला की डोकं जावयाचंच असतं. तिचं स्वतःचं बहुधा सासरी जाताना माहेरीच राहतं.)

काकूंनी आवाज उतरवला. "गणपतीला आमच्या नणंदा येतील. त्यांच्यापुढे असलं काही बोलू नकोस हो."

"आणि तुमच्या माहेरी?"

"माझ्या माहेरी? नदीकडची अख्खी शेती फुंकली भावांनी! आम्ही तिघी बहिणी, एकीला विचारलं नाही. चांगली वडिलोपार्जित जमीन. पेढासुद्धा आला नाही!"

"म्हणजे सासरी नणंदा लोभी आणि माहेरी भाऊ लबाड?"

"तसं नाही गो. माझं वेगळं." कोकमं जरा जोरात पाखडली गेली. "पण आमचे आबा नव्वद सालीच गेले. मुलींच्या वाट्याचा कायदा नंतरचा ना?"

"कायदा ९ सप्टेंबर २००५ चा. पण सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला, विनीता शर्मांच्या खटल्यात, सांगून टाकलं की वडिलोपार्जितात मुलीचा हक्क जन्मापासूनचा, वडील २००५ च्या त्या दिवशी हयात असायची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी विकलेल्या जमिनीला त्या कायद्याने हात लावता येत नाही."

काकू थांबल्या. "मुंबई बुडाली तो पाऊस कुठल्या सालचा?"

"२००५. जुलै."

"त्याच्या पुढच्या शिमग्याला विकली त्यांनी. पालखी दारात होती आणि हे रजिस्टर ऑफिसात."

"मग २००६. पण एवढी वर्षं गेली, मुदतीचं काय ते वकीलच बघतील."

"बघू देत ना. बघायला काय जातं?" सूप उचलून काकू वळल्या, पुन्हा मागे फिरल्या. "तुझे हे आज किती वाजता येतात?"