दोन टीबीचे काका

बेंगळुरूच्या मराठी वस्तीत हे काका हटकून भेटतात. मल्लेश्वरमला भेटतात, जयनगरला भेटतात, व्हाइटफील्डच्या बाविसाव्या मजल्यावरही भेटतात. मंडळाच्या गणपतीत काकू सहज बोलून जातात, "आमच्या ह्यांना दोन टीबी आहेत," आणि नवखा माणूस हळूच चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवतो. टीबी म्हणजे टेराबाइट. एस. पी. रोडवर घासाघीस करून आणलेल्या हार्ड डिस्कवर ठासून भरलेलं गाणं. सीडीच्या दर्जाचं, पण आवळून साठवलेलं गाणं तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास जागा खातं. म्हणजे ऐवज झाला साडेपाच हजार तासांच्या वर. रोज दोन तास नेमानं ऐकलं तर आठेक वर्षांत फिटेल. पण तेवढ्यात धारवाडहून कुणीतरी मल्लिकार्जुन मन्सूरांची आणखी एक खासगी बैठक पाठवतं.

नुसतं ऐकून भागत नाही, नोंद हवी. काकांच्या एक्सेलमध्ये राग, गायक, साथीला कोण, गाव, साल, आणि शेवटचा रकाना 'ऐकलं का?' त्यात उत्तरं तीनच: होय, नाही, झोपलो. 'झोपलो' असेल ते पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. दरबारीच्या पानावर 'झोपलो'ची सलग रांग आहे. ही मोजदाद आपोआप करणारं लास्ट एफएम असताना हा खटाटोप कशाला, असं विचारू नये. त्याच्या नियमाप्रमाणे गाणं निम्मं किंवा चार मिनिटं वाजलं की ऐकलं असं धरतात. "चार मिनिटांत आमच्या बुवांचा षड्जसुद्धा लागत नाही!" आता हे बिनतोडच आहे. नोकरीत होते तेव्हा काकांचा रियाज सिल्क बोर्ड चौकातल्या वाहनकोंडीत चाले. विलंबित संपून द्रुत सुरू झाली तरी पुढची बस जागची हलायची नाही. त्या सिग्नलला शिव्या न देणारा माणूस मी तरी हा एकच पाहिला.

खरा घोळ फोल्डरांचा. भीमसेन जन्मले गदग भागात, नांदले पुण्यात; अभंग मराठीत, दासवाणी कन्नडमध्ये. ठेवायचे कुठे? 'मराठी'त ठेवले तर शेजारचे कन्नड आजोबा दुखावतात, 'कन्नड'मध्ये ठेवले तर मंडळ. सीमावादावर महाजन आयोगानं 1967 साली अहवाल दिला, तरी जे मिटलं नाही ते काकांच्या डिस्कवर काय मिटणार! शेवटी दोन्हीकडे प्रती ठेवल्या आणि हिशेबात भीमसेन दुप्पट ऐकले गेले. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, राहिले देवासला, म्हणून ते गेले 'इतर'मध्ये. या एका गुन्ह्यासाठी काकांना माफी नाही.

काकांचं दैवत मात्र गौहर जान. 1902 साली कलकत्त्यात तिच्या तबकड्या भरल्या गेल्या. तीन मिनिटांत गाणं उरकलं की बाई इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगायची, कारण तबकड्या निघायच्या जर्मनीत हॅनोवरला आणि तिथल्या कारागिराला कोण गातंय हे कळायला हवं. "बाकीच्यांना एवढं सुचलं असतं तर!" असं म्हणत काका 'ट्रॅक 01' नावाच्या असंख्य फायलींकडे बघतात. गौहर अखेरीस म्हैसूर दरबारात होती आणि 1930 मध्ये तिथंच वारली, हे सांगताना त्यांचा आवाज भाऊबंदासारखा होतो.

पाहुण्यानं "काका, एखादा मारवा लावा ना" म्हणावं, की काकांचा शोध सुरू. हा 'होय'मधला, तो 'झोपलो'तला, तिसऱ्याचं साल संशयास्पद. निवड होईपर्यंत दिवेलागण उलटते आणि मारव्याची वेळही टळते. एव्हाना स्वयंपाकघरात काकूंनी आकाशवाणीवरचं शास्त्रीय संगीत लावलेलं असतं. कुणीतरी पूरिया फार सुरेख गात असतं. काकू कणीक मळता मळता मान डोलावतात आणि पाहुणा हळूच खुर्ची दाराकडे सरकवतो. माऊसवरचा काकांचा हात थबकतो. हा पूरिया आपल्याकडे नाही!

"अगं, कोण गातंय? नाव सांगितलं का?"

"सांगितलं ना," आतून आवाज येतो, "तुम्ही ओरडलात तेव्हाच."