व्हेगन ही कुठली कॅटेगरी?

(स्थळ : पुणे, फर्ग्युसन रस्ता, कॉलेजच्या फाटकाबाहेरचा पदपथ. वेळ : पहिलं लेक्चर सुटलेलं आणि दुसरं बुडवायचं नक्की झालेलं. पात्रं : पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी असलेली स्वयंसेविका, कोल्हापूरकडून आलेला, बीए करता करता एमपीएससीचा अभ्यास करणारा विद्यार्थी, निवृत्त आजोबा, चहावाला. पुण्यात रस्त्यावरचं पत्रक दोनच प्रकारचे लोक घेतात. एक, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारे. दुसरे स्पर्धा परीक्षावाले, कारण त्यांना छापलेल्या प्रत्येक कागदात प्रश्न दिसतो. स्वयंसेविकेच्या नशिबी आज दोन्ही आहेत.)

स्वयंसेविका : हाय! हे घेशील का प्लीज?

विद्यार्थी : टेस्ट सिरीजचं हाय काय?

स्वयंसेविका : नाही, गाईंबद्दल आहे.

विद्यार्थी : पशुसंवर्धन? मग द्या की. तेवढं एक प्रकरण माझं बरं हाय.

स्वयंसेविका : तसं नाही रे. व्हेगन होण्याबद्दल आहे.

विद्यार्थी : व्हेगन ही कुठली कॅटेगरी? दाखला सेतूत मिळतोय का तहसीलला?

स्वयंसेविका : (न चिडता. प्रशिक्षणात तसं सांगितलेलं असतं.) व्हेगन म्हणजे प्राण्यांपासून येणारं काहीच घ्यायचं नाही. मांस नाही, अंडी नाहीत, दूध, दही, तूप, मध, काही नाही.

विद्यार्थी : मग जेवायचं कधी?

स्वयंसेविका : जेवायला खूप असतं! हे खूळ आजचं नाहीये. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी यासाठी व्हेगन सोसायटी काढली.

विद्यार्थी : थांबा थांबा. वॉटसन... चव्वेचाळीस... (पत्रकाच्या मागे लिहून घेतो.) पण ताई, एवढी माणसं पुढनं गेली, तुम्ही मलाच का हेरलं?

स्वयंसेविका : कॉलेजची मुलं नव्याने घराबाहेर पडलेली असतात, काय खायचं ते स्वतः ठरवायला लागतात. अमेरिकेत मॅट बॉल आणि जॅक नॉरिस या दोघांनी १९९३ मध्ये संस्था काढली आणि कॉलेजांच्या आवारात पत्रकं वाटायचा सपाटा लावला. तीच पद्धत आता इकडे आलीय.

विद्यार्थी : तिकडं पोरं ठरवत असतील. आमचं मेसच्या काकू ठरवत्यात. तुम्ही हा सगळा गठ्ठा घेऊन काकूंकडं जावा. त्यांनी मनावर घेतलं तर अख्खी मेस एका दणक्यात व्हेगन. ताकात ताक कितपत असतंय हे बघता निम्मं काम त्यांनी आधीच केलंय.

स्वयंसेविका : (हसू आवरून) बरं, तू मांसाहार करतोस?

विद्यार्थी : बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी न्हाई, गुरुवारी न्हाई, शनिवारी न्हाई. मंगळवारी घरात असलो तर न्हाई.

स्वयंसेविका : आणि श्रावणात?

विद्यार्थी : श्रावणात नावच न्हाई. गटारीला काय ते उरकून घ्यायचं.

स्वयंसेविका : बघ! म्हणजे महिनाभर सोडायची सवय तुला आहेच. उपवासाला काय खातोस?

विद्यार्थी : साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, बटाट्याचा कीस.

स्वयंसेविका : साबुदाणा कंदाचा, शेंगदाणा जमिनीतला, रताळंही जमिनीतलं. खिचडीला तुपाऐवजी शेंगतेल घातलंस की तू एकादशीला व्हेगन. झुणका-भाकरी व्हेगन. खर्डा व्हेगन. दही न घेता मिसळ व्हेगन.

विद्यार्थी : (गंभीर होऊन) मिसळीवर दही घेणारा माणूस आमच्या जिल्ह्यातला नसतोच. पण मग ह्यात नवीन काय? आमची आज्जी आयुष्यभर हेच खाऊन राहिली. तिला कुणी पत्रक दिलं न्हाई.

(इथे स्वयंसेविका पत्रक उलटून चित्र दाखवते. वादात मागे पडलेला प्रचारक चित्राकडे वळतो, हे राजकारणातही दिसतं.)

स्वयंसेविका : हे बघ. ही आई आणि हे तिचं वासरू. जन्मल्यावर लगेच दोघांना वेगळं करतात.

विद्यार्थी : ही एचएफ हाय.

स्वयंसेविका : काय?

विद्यार्थी : होल्स्टिन फ्रिजियन. काळी-पांढरी, परदेशी. दूध भरपूर, फॅट कमी. आमच्यात म्हशी असत्यात. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅट, नऊ एसएनएफ धरून लावत्यात. आणि म्हशीचं रेडकू लगेच तोडत न्हाईत, तोडलं तर ती पान्हाच सोडत न्हाई.

स्वयंसेविका : म्हणजे तुमच्याकडे पिल्लाला दूध पिऊ देतात?

विद्यार्थी : देत्यात की. दोन मिनिटं. रेडकू सोडायचं, ते धडका देत सडाला लागतंय, म्हस पान्हवली की दावं ओढून खुंट्याला बांधायचं आणि खाली बादली धरायची. ते तिथनं बघत उभं असतंय, तोंडाला फेस तसाच.

स्वयंसेविका : (पेन काढते.) आणि रेडकू मेलं तर?

विद्यार्थी : तर पूर्वी त्याचं कातडं सोलून आत भुस्कट भरायचे आणि म्हशीपुढं ठेवायचे. ती चाटत बसायची आणि इकडं धार निघायची. मी लहान असताना एकाच्या गोठ्यात बघितलंय. चार काठ्यांवर उभं केलेलं, एक कान निखळलेला. आता पेंड पुढं टाकत्यात, न्हाईतर इंजेक्शन मारत्यात.

स्वयंसेविका : (लिहायचं थांबून) हे आमच्या पत्रकात नाहीये.

विद्यार्थी : कसं असंल? तुमचं पत्रक एचएफवर काढलंय.

स्वयंसेविका : आणि रेडकू नर असलं तर?

विद्यार्थी : (पहिल्यांदाच जरा थांबून) वगार झाली तर पेढे. रेडा झाला तर... जगत न्हाई बहुतेक. म्हणजे, जगवत न्हाईत. दुधाला त्याची वाटणी नको असती. गाईच्या खोंडाला २०१५ पासून राज्यात कायदा हाय, रेड्याला तोबी न्हाई.

(आतापर्यंत दोन पावलांवरून पत्रक वाचत असलेले आजोबा चष्मा वर करतात.)

आजोबा : ‘हिंसेविरुद्ध’मधला ‘रु’ ऱ्हस्व असतो. तुम्ही दीर्घ छापलाय.

स्वयंसेविका : सॉरी आजोबा, पुढच्या छपाईत सुधारू.

आजोबा : पुढची छपाई होईल, या विश्वासाचं कौतुक आहे. रेड्याचं काय चाललं होतं? अहो, ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले तो प्राणी आहे हा. जुन्नरजवळ आळ्याला त्याची समाधी आहे, लोक नारळ फोडतात.

विद्यार्थी : त्या एकाची हाय, आजोबा.

आजोबा : (विषय बदलणं सोयीचं वाटून) दूध सोडायचा प्रयोग गांधीजींनीही केला होता, माहीत आहे का? १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत. पुढे इकडे आल्यावर आजारी पडले, अगदी अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले दूध घ्या, हे म्हणाले व्रत आहे. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसेल! व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैसच होती ना. संपला प्रश्न.

स्वयंसेविका : संपला नाही आजोबा. त्यांनी आत्मकथेतच कबूल केलंय की व्रताचा शब्द पाळला, आत्मा नाही पाळला. ती गोष्ट त्यांना शेवटपर्यंत टोचत होती.

आजोबा : (चष्मा खाली घेत) वाचलेलं दिसतंय. चांगलं आहे. पण आमच्या बी-बारा जीवनसत्त्वाचं काय? शाकाहारी माणूस मी, डॉक्टरांनी आधीच कमी सांगितलंय. दूध सोडलं तर उरलेलंही जाईल.

स्वयंसेविका : ते खरं आहे. व्हेगन माणसाला बी-बाराची गोळी घ्यावीच लागते, त्यात मी खोटं बोलणार नाही. पण ते म्हैसही स्वतः तयार करत नाही. तिच्या पोटातले जिवाणू तयार करतात.

विद्यार्थी : म्हणजे म्हशीचं दावं सोडून मेडिकलवाल्याचं गळ्यात घालायचं. (लिहून घेत) बी-बारा... जिवाणू... हे सामान्य विज्ञानात येऊ शकतंय.

आजोबा : तुम्ही दोघे एकमेकांचं उतरवून घेताय, चर्चा कुणाशी करताय कोण जाणे. (पत्रकाची व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवतात आणि निघतात. ‘रु’वर लाल गोल करून ते उद्या परत आणून देतील, हे पुणेकर वाचकांना सांगायला नको.)

स्वयंसेविका : मला एक सांग. एवढं सगळं डोळ्यांनी पाहिलंस, तुला वाईट नाही वाटत?

विद्यार्थी : वाटतंय की. पण ताई, आमच्या घरात सगळ्यात नियमानं येणारा पैसा म्हंजे दुधाचं बिल. दर दहा दिवसांनी. उसाचं बिल कधी येईल ते साखर कारखान्याच्या मनावर, बापाची पगारी नोकरी न्हाई. माझी मेस, अभ्यासिकेची फी, ही पुस्तकं, सगळं त्या चार म्हशींवर चाललंय. दिवाळीला फरक मिळतो तेव्हा कापडं. तुम्ही म्हणताय दूध सोडा. दुधानं मला सोडलं तर मी तुमच्या फाटकाबाहेर उभा राहून काय वाटू?

स्वयंसेविका : एकदम सगळ्यांनी सोडा असं कुणी म्हणत नाहीये...

विद्यार्थी : आम्ही एकदा सोडलं होतं की. २०१८च्या जुलैत दर पडले तेव्हा. रस्त्यावर सोडलं. पोलीस आले.

(स्वयंसेविका हसते आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळते. याला उत्तर देणारा परिच्छेद पत्रकात नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो अजून कुणालाच धड लिहिता आलेला नाही. जगात सगळ्यात जास्त दूध काढणाऱ्या देशात ते बहुतांशी दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येतं, आणि त्या गोठ्याचा मालक सहसा पत्रकातल्या खलनायकासारखा दिसत नाही.)

स्वयंसेविका : श्वेतक्रांतीने केलंय हे सगळं.

विद्यार्थी : (आपोआप) ऑपरेशन फ्लड, १९७०, डॉक्टर वर्गीस कुरियन, आणंद. १९९८ला अमेरिकेला मागं टाकून भारत पहिला.

स्वयंसेविका : तुला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल.

विद्यार्थी : झोपतोय कोण? आणि तुम्ही काही नवीन सांगा की. ह्यावर चालू घडामोडी काय हाय?

स्वयंसेविका : आहे ना. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. म्हणून एफएसएसएआयने व्हेगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह केलं. नियम २०२२चे. हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि त्यावर छोटं पान.

विद्यार्थी : (जोरात लिहीत) हे भारी. हे येणार बघा. चार चिन्हं देणार आणि जोड्या लावा म्हणणार.

स्वयंसेविका : (त्याच्या पायांकडे बघून) चपला चामड्याच्या आहेत?

विद्यार्थी : कोल्हापुरी. २०१९ला जीआय मिळाला. महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार.

स्वयंसेविका : पण चामडं कुणाचं?

विद्यार्थी : (चपलेकडे बराच वेळ बघत) ते अभ्यासक्रमात नव्हतं. (मग तिच्या खांद्यावरच्या ओढणीकडे बोट करून) आणि हे रेशीम नव्हं? कोष उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय अखंड धागा निघत न्हाई. आतला किडा मरतोय. रेशीमशेतीवर वाचलंय मी.

स्वयंसेविका : (ओढणी चाचपत) आईची आहे. जुनी आहे. नवीन मी घेत नाही.

विद्यार्थी : चपलाबी जुन्याच हायत.

(दोघांचे हिशेब इथे बरोबरीत सुटतात. बाजूच्या टपरीवर आल्याचा वास सुटलेला असतो.)

विद्यार्थी : चला, चहा घेऊ. का तेबी बंद?

स्वयंसेविका : चहा चालतो. कोरा.

विद्यार्थी : आमच्यात कोरा चहा सुतक असलं की करत्यात, न्हाईतर म्हस आटली की.

स्वयंसेविका : काका, एक कोरा चहा, दूध न घालता.

चहावाला : बरं नाहीये का ताई? ताप वगैरे?

स्वयंसेविका : ताप नाही, व्हेगन आहे.

चहावाला : म्हणजे पित्ताचं. लिंबू पिळू का?

स्वयंसेविका : पिळा. चालतं लिंबू.

चहावाला : पातेल्यात दूध कधीच पडलंय. तुमचा वेगळा टाकावा लागेल. थांबावं लागेल.

स्वयंसेविका : थांबते. तोवर हे वाचा. (पत्रक देते.)

चहावाला : (चित्र बघून) गाय चांगली आहे. किती देते?

विद्यार्थी : काका, ते दूध सोडा असं सांगत्यात.

चहावाला : सोडू की. आधी सकाळचे वीस लिटर संपू देत. (पत्रक गल्ल्याखाली सरकवतो.)

स्वयंसेविका : (विद्यार्थ्याला) ते भुस्कट भरलेल्या रेडकाचं मी लिहू का पुढच्या पत्रकात? नाव नाही घालणार.

विद्यार्थी : लिहा. पण चित्र म्हशीचं काढा. आणि त्याच पानावर दहा दिवसांच्या बिलाचंबी लिहा. अर्धंच छापलं तर आमच्याकडं कुणी वाचणार न्हाई.

स्वयंसेविका : दोन्ही एका पानावर कसं बसवायचं?

विद्यार्थी : मलाबी तेच कळत न्हाई. मुख्य परीक्षेत असलाच प्रश्न येतोय, अडीचशे शब्दांत.

चहावाला : घ्या. कोरा पंधरा, दुधाचा दहा.

स्वयंसेविका : काका, दूध नाही तरी जास्त?

चहावाला : वेगळा टाकला ना ताई. गॅस लागतो.

(स्वयंसेविका पर्स उघडते, पण विद्यार्थ्याने मोबाइल आधीच काढलेला असतो.)

विद्यार्थी : राहू दे ताई. काल घरनं दुधाच्या बिलाचे पैसे आलेत.