नवा अंमलदार

ज्याच्या घरी आज भाजी कोणती करावी एवढ्या बाबतीतही त्याचा सल्ला घेण्याचा रिवाज नाही, अशा गृहस्थाला पुण्यातल्या साल्साच्या वर्गात पाऊल ठेवताच, केवळ पुरुष म्हणून, 'लीड' ही पदवी बहाल होते आणि त्या क्षणापासून त्याची मुद्रा नव्याने नेमणूक झालेल्या मामलेदारासारखी दिसू लागते.

परंतु अंमल मिळणे निराळे आणि तो चालवणे निराळे. आठ मात्रांपैकी एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात यांवर पावले टाकावयाची, चौथी आणि आठवी मोकळी सोडावयाची, पहिल्या मात्रेला आपला डावा पाय पुढे आणि जोडीदारणीचा उजवा मागे, एवढाच काय तो कायदा. पण रिकामी जागा दिसली की पाऊल टाकावे, हा संस्कार ज्याने शहराच्या बसमध्ये कमावला, त्याला चौथी मात्रा मोकळी सोडवत नाही. शाळेतल्या लेझमीत चुकलेले पाऊल पथकात खपून जाई. येथे ते थेट समोरच्या अंगठ्यावर उमटते. म्हणून तो सुटे पैसे सांडल्यासारखा जमिनीकडे पाहत, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत राहतो आणि गाणे बिचारे भिंतींसाठी वाजत राहते.

खरा प्रसंग गिरकीचा. तिने पाचव्या मात्रेला वळावे म्हणून तिसरीलाच हात उचलून वर्दी द्यावयाची असते. आमच्या अंमलदाराचा हुकूम सुटतो तो सहावीला, आणि तोही बेलिफाने जप्तीचा माल धरावा तशा घट्ट मुठीने. मग "तुम्ही जरा लक्ष द्या ना," असा शेराही मारला जातो. दर पाच-दहा मिनिटांनी जोडीदार बदलतात, आणि तासाअखेर त्याच्या ध्यानात येते की वर्गातल्या यच्चयावत स्त्रिया नेमक्या एकाच मात्रेवर चुकतात.

परवा मात्र एका मुरलेल्या बाईंनी, हुकमाची वाट न पाहता, पाचवीला स्वतःच वळून, त्याच्या उशिरा उचललेल्या हाताखालून वाकून, सातवीला जागेवर येऊन दाखवले. जिना उतरताना त्याने मला विचारले, "आज बाईंना काय फिरवलं मी, पाहिलंत?"

मी आदबीने मान डोलावली. गादीवर अज्ञान राजा असला, म्हणजे भर दरबारात दिवाणाचे नाव काढू नये.