कासवाचा सातबारा

यवतमाळचं ऊन कुणी मागून घेईल असं आजवर वाटलं नव्हतं. आमच्याकडून लोक कापूस नेतात, तूर नेतात, तेंदूपत्ता नेतात, सागवान तर इंग्रजांच्या काळापासून नेतात. ऊन मात्र आमचं आम्हालाच पुरून उरतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की भर दुपारी दत्त चौकातही रस्ता मोकळा पडतो आणि अख्खं शहर कूलरच्या घरघरीत डोळे मिटून राहतं. त्या उन्हाची चौकशी पुण्याहून आली. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुमच्या अंगणात ऊन किती वेळ असतं?" म्हटलं, "असतं कसलं, मुक्कामालाच आहे." "मग झालं," तो म्हणाला, "माझं कासव तुमच्याकडे आणून ठेवू का?"

हे कासव मी पाहिलेलं होतं. आफ्रिकेतलं, सल्काटा जातीचं. सहाराच्या दक्षिण कडेनं सेनेगलपासून इथिओपियाकडे जो रखरखीत पट्टा गेला आहे, तिथलं. गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची थोराड कासवं सोडली तर जमिनीवरच्या कासवांत याच्याहून मोठं कुणी नाही. गंमत अशी की विकत घेताना ते तळहातावर मावतं, आणि घेणाऱ्याला वाटतं हे असंच राहणार. पुढे ते वाढत जातं. पूर्ण वाढलेला नर ८० सेंटिमीटरपर्यंत लांब होतो, ५० किलो सहज ओलांडतो, आणि काही तर शंभराच्या घरात जातात. भाच्याचं अजून परातीएवढंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते जास्वंदीचं पान खात होतं. पानाची कड चोचीत धरायची, पुढच्या पायानं दाबायची आणि मान मागे ओढून टरकन फाडायची. खाणं झालं की कोपऱ्यात जाऊन ते फरशी उकरू लागे. आधी उजवा पाय, मग डावा, पुन्हा उजवा. या जातीला बीळ खणल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांच्या मुलखात जमिनीवर आग बरसते, तेव्हा ती कित्येक फूट खोल, गार, दमट भुयारात जाऊन बसतात. त्या बिचाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबा रे, या फरशीखाली माती नाही, दुसऱ्या मजल्यावरच्यांची बेडरूम आहे. त्यांनी सोसायटीकडे तक्रारही केली होती म्हणे. रात्रंदिवस कुणीतरी वरून येऊ पाहतंय असं त्यांना वाटायचं.

शेजारच्या काकांना मी ही बातमी सांगितली. काका जन्मभर शेती केलेले, जनावराची पारख असलेले. त्यांनी शांतपणे उलटतपासणी घेतली. "दूध देते का जी थे?" नाही. "राखण करते?" नाही. "वखराले जुपता येते?" नाही. "बलावलं तं येते तरी का?" आलं तर येतं. काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि मग म्हणाले, "मंग कायले पायजे?" याला उत्तर नव्हतं. आमच्याकडे पाळलेल्या प्रत्येक जिवाचं काम ठरलेलं, आणि कामाच्या मानानं त्याचा सण ठरलेला. बैलाला पोळा आहे, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांनाही मान आहे. कासवाला सण नाही. त्याला जागा आहे ती महादेवाच्या देवळात, नंदीच्या जवळ, जमिनीत बसवलेली. पिढ्यान् पिढ्या लोक त्याला हात लावून पुढे जातात आणि ते कुणाकडेही बघत नाही. पाळीव कासवाचा स्वभावही साधारण असाच असतो.

ऊन आमच्याकडे आहे हे खरं, पण नुसत्या उन्हावर भागत नाही. ज्या देशांत हे कासव राहतं, त्यांतल्या माली, चाडमध्ये कपाशी पिकते हे कळल्यावर मला उगाच सोयरीक जुळल्यासारखं वाटलं होतं. पण आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की कासवाला खणायचे कष्टही नकोत, आणि मृग बरसला की तीच जमीन पायाला धरून ठेवते. त्या चिखलात आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखाच्या पाहुण्याचं बीळ एका रात्रीत बुजायचं. पुढे डिसेंबरची थंडी. त्याला दिवा लावलेली उबदार खोली लागणार, म्हणजे आमच्या न्हाणीघरात कासव आणि आम्ही बाहेर. शिवाय त्याची चाल निवृत्त नायब तहसीलदारासारखी असते. घाई अजिबात नाही, पण वाटेत आलेल्यानं बाजूला झालंच पाहिजे. कुंडी, खुर्ची, तारेचं कुंपण, त्याला सगळं सारखंच.

तरी या सगळ्याला तोड निघाली असती. अडलं ते वयापाशी. हे कासव पन्नास वर्षं तर जगतंच, शंभरीही गाठू शकतं. भाच्याचं पाच वर्षांचं, मी सत्तरीला टेकलेला. यात कोण कुणाला पाळणार? इंग्लंडातल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या निसर्गवेड्या धर्मोपदेशकाला १७८० साली आत्याच्या मृत्यूनंतर तिचं कासव वारशात मिळालं. त्याचं नाव टिमथी. व्हाइटनं ते कधी उठतं, काय खातं, पावसाआधी कसं वागतं, हे सगळं टिपून ठेवलं. १७९३ मध्ये तो गेला, आणि टिमथी त्याच्यामागे पुढच्या वर्षापर्यंत होता. मेल्यावर कळलं की तो 'ती' होती. इतकी वर्षं आत्यानं आणि भाच्यानं डोळ्यांत तेल घालून निरीक्षण केलं, आणि कासवानं एवढी साधी गोष्टही त्यांना कळू दिली नाही.

आमच्याकडे मात्र वारसा म्हटलं की वाटणी आली. दोन भावांत धुऱ्यावरच्या एका आंब्यासाठी तीस तीस वर्षं दावे चालतात. तिथे कासव कुणाच्या हिश्श्यात घालणार? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात विहीर येते, कूळ येतं, बँकेचा बोजा येतो. त्यात तलाठ्यानं 'कासव एक, हयात' अशी नोंद घ्यावी, आणि फेरफार होत होत नातवाच्या नावावर जमीन चढेपर्यंत ती तशीच राहावी, असं चित्र मी पुष्कळदा मनात रंगवलं. मालक बदलत जातील, हयात असलेलं तेच एक.

कासवी पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते, असं संतांनी सांगून ठेवलं आहे. प्रत्यक्षात ती खड्ड्यात अंडी घालते, माती लोटते आणि मागे न बघता निघून जाते. पिलं बाहेर येतात तेव्हा आई नावाचं कुणी तिथे नसतं. संतांचं मात्र मला चुकीचं वाटत नाही, फक्त पत्ता वेगळा. आमच्या गल्लीत संध्याकाळी आठला जेवणं उरकली की घरोघरी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला जातो, आणि पुण्यातली, बंगळुरातली नातवंडं नजरेनंच वाढवली जातात. पलीकडचं पोर खेळणं घेऊन पळून गेलं तरी इकडची आजी रिकाम्या सोफ्याकडे बघत राहते. भाच्याच्या फोनमागेही मला हेच ऐकू आलं. त्याला कासव हलवायचं होतं, आणि मामा-मामीच्या रिकाम्या अंगणात हलणारं काहीतरी ठेवायचंही होतं.

नियमांचं तेवढं सांगायला हवं. परदेशी कासव असेल तर २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याची नोंद करावी लागते. ते दुसऱ्याला दिलं, मेलं किंवा त्याला पिलं झाली, तरी कळवावं लागतं. आपल्याकडचं, पाठीवर चांदण्या काढलेलं तारा कासव तर पाळताच येत नाही. ते आता पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. विहिरीतलं साधं मऊ पाठीचं कासव घरी आणणं हाही गुन्हाच. विदर्भात आणखी एक खूळ आहे, वीस नखांच्या कासवाचं. ते मिळालं की पैशांचा पाऊस पडतो, असं सांगून भोंदू लोकांना लुबाडतात. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीन म्हणजे एकूण बाराच नखं असतात, आणि तारा कासवाला सहसा अठरा. वीस भरायला उरलेली नखं भोंदूनं स्वतःची द्यावीत. दारात, शेतात, रस्त्यावर कासव दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, ते पुरे.

भाच्याला मी सांगितलं की तुझं कासव आणायच्या आधी नोंदीचे कागद आण, आणि कासवाच्या आधी तू चार दिवस राहायला ये. तो येतो म्हणालाय. बाकी ज्यांना सल्काटा घ्यायचा मोह होत असेल, त्यांनी दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यात लहान पोराची परवानगी घ्यावी. सांभाळायचं त्यालाच आहे.